हा चढ तिकिटात नव्हता

साडेसहाची पहिली गाडी आज माझ्याविना सुटली.
डबल बेल तरी वाजलीच,
कानात, आपोआप.
मी प्रणालीच्या जुन्या निळ्या सायकलीत हवा भरत होते,
तिला आठवीत शाळेतून मिळालेली,
मागच्या मडगार्डवर अजून योजनेचं नाव,
अर्धं खरवडलेलं.

सोळा वर्षं ह्याच रस्त्यावर आहे मी,
पण बहुतेक रस्त्याकडे पाठ करून.
तोंड माणसांकडे:
सुट्टे द्या. पुढे सरका. ह्या पोराचं वय किती?
साकोली सुटली की रस्ता मला टप्प्यांनी पाठ.
खैरबोडी ते परसटोला, एक टप्पा.
मधे चढ आहे
हे मशीनमध्ये कुठे येतं?
लांजेवार ड्रायव्हर गिअर पाडायचा,
मी कमरेने दांडीला टेकून पैसे मोजायची,
तेवढाच तो चढ.

आज तो मांड्यांत आला.
निम्म्यात उतरले, ढकलत नेली.
फेब्रुवारीचं ऊन मानेवर,
कडेचे पळस बिनपानाचे, पेटायच्या बेतात.
लुनावर कोंड्याचं पोतं घेऊन चाललेला एक पोरगा वळून म्हणाला,
‘का जी मॅडम, बस फेल झाली का?’
हो म्हटलं. झाली.

परसटोल्यापुढे रस्ता तळ्याच्या पाळीखालून जातो.
खिडकीतून दिसायची ती नुसती मातीची भिंत,
गवत, दोन बकऱ्या, कधी वाळत घातलेलं लुगडं.
सायकल खांद्याला लावून वर चढले
तर पलीकडे
एवढं पाणी बसलेलं,
आरामात, जणू त्याचीही आज साप्ताहिक सुट्टी.
ऊन त्यावर सुट्टं झालेलं,
सगळी चिल्लर,
कोणी हिशेब मागणार नाही अशी.

प्रणालीने मागे कॉलेजच्या सहलीतून समुद्र पाठवला होता फोनवर,
‘आई, ह्याला पलीकडचा काठच नाही.’
मग परत कसं यायचं गं, असं मी विचारलं होतं.
इथे काठ आहे.
पाळीवरून, बोडीच्या बांधावरून, शेणाच्या वाटेने
पूर्ण फिरून येता येतं.
अकरा वाजेस्तोवर मी पाण्याला डाव्या हाताला ठेवून फिरत राहिले,
साखळी दोनदा पडली,
बोटं काळी.

पश्चिमेच्या काठावर एक बाई ढेस धूत बसली होती,
कमळाचे ते लांब देठ, चिखलातून पांढरे निघणारे.
हात धुवायला वाकले तर म्हणाली,
‘तुमी त बसमंधल्या बाई.’
मी हसले.
‘मले उतरवलं होतं तुमी. मासोळीचा वास येते म्हणून.
खैरबोडीले.’

मला आठवेना.
गर्दी असेल. कोणी कुरकुरलं असेल.
सोळा वर्षांत किती जणांना
घंटीच्या एका ओढीने खाली ठेवलं असेल मी.
‘मंग?’ विचारलं.
‘मंग का, टोपलं डोक्शावर घेतलं, गेली पायी.
तिथी चढ आहे ना.’

आहे, म्हटलं.
आहे चढ.

तिने पुढे काही काढलं नाही.
मीही माफी वगैरे मागितली नाही, जीभ वळली नाही.
तिने ढेसाची एक जुडी कॅरिअरला बांधली, सुतळीने,
पैसे विचारले तर बोलली, ‘तिकीट नाही याले.’
नाव यशोदा वलथरे.
हे मात्र मीच विचारून घेतलं.

परतीला तोच चढ उतार झाला.
पॅडल मारायचं कामच नाही,
वारा कानात, ओढणी मागे,
खूप छान वाटायला हवं होतं, वाटलंही,
पण मागून चिखलाचा, पाण्याचा वास येत होता
आणि मला सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं
कोण बसलंय ते.

खैरबोडीच्या थांब्यावर, निंबाखाली,
उगाच घंटी दिली.
एक.
एक म्हणजे थांब.

थांबले.
एक पाय जमिनीवर टेकवून
बराच वेळ उभी राहिले.
कोणी उतरलं नाही.
कोणी चढलं नाही.