सपाट

घाट चढायचा नाही, एवढी एकच अट
मी आणि माझ्या डाव्या गुडघ्यानं मिळून घातली.
सिंहगड मारून आलेली मंडळी
टपरीवर मांड्या थोपटत बसलेली असतात.
त्यांना म्हटलं, मला पाण्यासारखं जायचंय.
हसले. पुण्याचं पाणी पाहिलंय त्यांनी.

सायकल हिरवी, तीन गिअरची.
दोन्ही अंगांना पिशव्या, जुन्या गादीच्या खोळीच्या,
आत पंप, ठिगळं, सोल्युशनची ट्यूब,
दशम्या, लसणाची चटणी,
आणि एका डबीत मोजून बारा खजूर.
काचींनी चेनला तेल दिलं,
मागचं चाक उचलून फिरवलं, थांबेपर्यंत बघत राहिले.
"भीमेपर्यंत? चाक जाईल, मॅडम.
सीट नाही जाणार."

सहा वाजता संगमावर.
इथून पुढं दोघी जोडनावानं राहतात, मुळा-मुठा,
मी बँकेत राहते तशी:
ढमढेरे-कुसाळकर.
मधली रेघ दर वेळी कारकुनाच्या हातून निसटते.
आणि पुढं रांजणगाव सांडसला
भीमा दोन्ही नावं पुसते, म्हणतात.
तेच बघायला निघाले होते बहुतेक.
घरी सांगितलं, व्यायाम.

बंडगार्डनच्या पुढं काँक्रीटची नवी पट्टी,
ताटलीसारखी सपाट. अजून सिमेंटचा वास जात नव्हता.
किलोमीटरला जेमतेम हातभर उतार, असं कुठंतरी वाचलेलं.
पायाला कळत नव्हता.
डावीकडं जलपर्णी, इतकी गच्च
की बगळे तिच्यावर चालत होते, हळू,
नुकतंच पुसलेल्या फरशीवरून चालावं तसे.
मुंढव्याला एक भोई ट्यूबवर बसून
चिलापीचं जाळं सोडवत होता.
त्यानं वर पाहिलं, मी घंटी वाजवली.
दुसरं काय करणार.

मांजरीच्या अलीकडं पट्टी संपली,
बिल अडकल्यावर कंत्राट संपतं तशी.
पुढं बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि ऊस.

तिथं एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या धूत होती,
नदीकडं पाठ करून, बोअरच्या नळीनं.
"कुठं निघालीस?"
"भीमेला."
"माहेर हाय तिकडं?"
"नाही."
"मग?"
मी दशमी पुढं केली. तिनं चटणी आधी चाखली.
नाव मंदाकिनी घुले. मंदा म्हणतात.
"मला येत होती सायकल," म्हणाली. "सातवीपर्यंत."
"मग येते की."

ओल्या हातांनी तिनं हँडल धरलं,
पदर खोचला, पिशव्या माझ्याच, तशाच लटकत्या,
आणि निघाली, आल्या वाटेनं, पुण्याच्या दिशेनं.
आधी नागमोडी. मग कमी नागमोडी.
मग सरळ.
मी हातात जुडी धरून उभी.
ती वळेना.
विजेचा खांब गेला, कठड्याचं वळण गेलं,
एक हिरवा ठिपका उरला, आणि मग
तोही आहे की नाही कळेना.
माझे खजूर त्याच्यात होते.

बऱ्याच वेळानं आली, घामाघूम, दात दिसतायत.
"वळायचं कसं तेच आठवंना!
उतरले, हातानं फिरवली, मग आले."
नळीखाली तोंड धरलं. पाणी नाकातोंडात गेलं तरी हसत होती.
मग श्वास जागेवर आल्यावर म्हणाली,
"जाताना जड जातीय गं. चढ हाय तिकडं.
येताना पाय न मारता आली."

"नाही हो," मी म्हटलं. "सगळं सपाट आहे.
मी त्याच वाटेनं आलेय."

जुडी तिनं माझ्या कॅरिअरला बांधली,
गवताच्या काडीनं, पक्की गाठ मारून.
"आलीयस," म्हणाली.
"परत कुठं गेलीयस अजून."