बिनकान्याचं गाव

आठ जण म्हणाला होतासा, सहाच आलासा. असू दे की.
चपला घट्ट करा, पुढं खडी आहे.
मी भरमाण्णा पेंटर. चाळीस वर्षं खानापुरात बोर्ड रंगवले.
इतिहास शिकलेला माणूस नव्हे मी,
शिडीवर चढून गाव बघितलेला.
पंधरा फुटांवरनं गाव वेगळंच दिसतंय:
कुणाची कौलं फुटलीत, कोण गच्चीत एकटं रडतंय,
कुठल्या दुकानाचं नाव
खालच्या नावावर किती जाड बसलंय.

हे मोकळं रान दिसतंय ना, इथं कौलांचा कारखाना होता.
धुराडं तेवढं उरलंय. त्यात आता घारी.
मलप्रभेकाठची माती बैलगाड्यांनी यायची,
बाया पायांनी मळायच्या, मळता मळता भांडायच्या.
कन्नडात सुरू झालेली शिवी
मराठीत संपायची,
नेम चुकायचा नाही.

हे कौल धरा, ताई. घ्या हातात, फुटत नाही.
पालथं करा. काय लिहिलंय?
खनापूर.
बरोबर. काना नाही.
साच्यात अक्षरं उलटी कोरायला लागायची,
ती आमच्या वडलांनी कोरली.
त्यांना सुलटंच वाचता येत नव्हतं, उलटं काय येणार.
मालकानं बघितलं तोवर तीन भट्ट्या भाजून निघालेल्या.
फोडून टाका म्हणाला,
मग हिशेब केला आणि गप्प बसला.
नंदगडपर्यंत जावा, जुन्या गोठ्यांवर, देवळाच्या ओवरीवर
अजून ते बिनकान्याचं गाव पालथं पडलंय.
पावसाला त्यानं काही फरक पडला नाही.

चला. सावलीसावलीनं चला.

ही शाळा. ह्या दारातनं कन्नड, त्या दारातनं मराठी.
मधली भिंत पोरांच्या उंचीपर्यंत मळलीय,
कान लावून लावून.
घंटा एकच होती.
ती वाजवायचा सालू फर्नांडिस, घरी कोकणी बोलायचा.

ह्या विहिरीबद्दल मला काही माहीत नाही.
माहीत आहे म्हणणारे पुष्कळ भेटतील.

हं. हा बोर्ड. इथं जरा थांबू.
खिळा आहे का कुणाकडं? किल्ली चालेल.
हलक्या हातानं खरवडा.
पिवळा. त्याखाली निळा. त्याखाली हे काळं,
हे डांबर.
एक रात्र अशी गेली की उजाडल्यावर
पेठेतला एकही बोर्ड वाचता येईना.
कुणी फासलं विचारू नका. पोरं होती,
आता त्यांची नातवंडं बँकेत आहेत.
डबे माझ्याकडनं नेले, उधारीवर.
ब्रश पण माझेच.
आणि परत रंगवायला दुपारी बोलावणं आलं ते पण मलाच.
दोन्हीकडचे पैसे घेतलास काय?
घेतले की.
थोरलीचं लगीन होतं.
ही गोष्ट मी फेरीत सांगत नसतो.
किल्ली द्या त्यांची त्यांना.

पलीकडच्या कट्ट्यावरनं गंगव्वा ओरडतेय, ऐकू येतंय?
'सुळ्ळ हेळ्तान!' खोटं सांगतोय म्हणे मी.
ते धुराडं कौलांचं नव्हेच, भाताच्या गिरणीचं.
लिहून घ्या तिचं पण.
ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे,
आणि तिच्या आईनं माती मळलीय.

काय म्हणालास, बाळ? ह्यातला खरा रंग कुठला?
सगळे मीच कालवले.
जवसाचं तेल सगळ्यांत एकच.

अरे अरे, फाटक पडलं बघा.
तुम्ही तिघं पलीकडं गेलासा, आम्ही अलीकडं राहिलो.
खालनं वाकून येऊ नका.
मालगाडी आहे, लांबच्या लांब असते.
स्टेशनच्या बोर्डाचं सांगायचं राहिलंय अजून,
त्यात काना कुणी घातला ते.
सांगतो, गाडी जाऊ दे.
उभे राहा तिथंच.
तोवर डबे मोजा.