लोण

स्मरणिकेसाठी दोन पानं द्या म्हणालात,
मंडळाचा इतिहास, सोबत एक फोटो.
फोटो नाही. कॅमेरा एकट्या घोसाळकरांकडे,
आणि ते त्या दिवशी सेकंड शिफ्टला.

सदुसष्टचा माघ. बडोद्याबाहेर, गोरव्याच्या पुढं,
कारखान्याच्या क्वार्टर्सची सहावी ओळ,
पाठीमागं बाभळी आणि एक पडीक तुकडा,
ज्यावर तोवर कुणाचा डोळा नव्हता.
आम्ही सगळ्या नव्या. कुणी संगमेश्वरची, कुणी कागलची,
एक जळगावाकडची, जिचं बोलणं आम्हाला
गुजरातीपेक्षा अवघड जायचं.
नवरे वाफेच्या नळ्यांशी, आम्ही भिंतींशी.

पहिली पाटी द्वारकानं आखली.
फक्की कुठली? शेगडीतली राख ओच्यात घेऊन
वाकून, उलट्या पावलांनी चालत गेली.
आडव्या पाट्या, मधून उभी सूरपाटी.
अकरा फूट म्हणजे तिची किती पावलं
ते तिचं तिलाच ठाऊक.
आमची घटना म्हणाल तर तेवढीच.

दोन्हीकडं नऊ-नऊ लागतात. आम्ही सोळा.
मग दूध घालायला आलेल्या चंचळबेनला धरलं,
आणि तिच्या नणंदेला.
आ कई रमत? म्हणाली.
सांगितलं, सगळ्या पाट्या भेदून पलीकडं जायचं,
आणि परत येताना ओरडायचं, लोण.
लूण? ती हसत सुटली. ए तो घरमां छे.
कासंडी बाभळीखाली ठेवली
आणि पहिल्याच डावात, द्वारकाच्या काखेखालून,
लूण लूण करत कपाळपाटी ओलांडून आली.
हरकत कुणी घेतली नाही.
नियमांत आम्ही केलेली ती एकच दुरुस्ती.

दांडिया बाजारातल्या बायका बघायला आल्या,
चार पिढ्यांच्या बडोदेकर, हातात छत्र्या.
तुम्ही मूळच्या कुठल्या, विचारलं.
शेवंता दम खात म्हणाली, सहाव्या ओळीतल्या.
बोलून गेली, आणि मग आम्ही सगळ्याच
जरा वेळ गप्प झालो.

हजेरीची वही माझ्याकडं आहे.
वर्गणी चार आणे. गैरहजेरीची कारणं:
सासू आली. पाणी आलं. कर्फ्यू.
शेवंता पाटणे, पाचवा महिना, रजा.
खाली त्याच शाईनं: तरी उभी राहिली.
सलवारीचा ठराव तीन बैठका चालला.
द्वारका विरोधात, एकटी, शेवटपर्यंत.
दुसऱ्या दिवशी सलवार घालून आधी तीच हजर,
नाडीला दोन सेफ्टीपिना.

नव्वदमध्ये त्या तुकड्यावर पाण्याची टाकी झाली.
अजून तिथं गवत पाट्यांच्या रेषेत उगवतं,
असं लिहिणार होते. खोटं आहे.
तिथं स्कूटर लावतात.
आम्ही शाळेच्या मैदानात गेलो, मग देवळामागं,
मग मुली सुना होऊन पांगल्या,
जशा आम्ही पांगलो होतो.

रत्नप्रभाची नात मेलबर्नला नर्स आहे.
तिथं आयरिश बायकांचा एक संघ आहे, घर सोडून आलेल्यांचा;
एकच चेंडू हातानंही खेळतात, पायानंही.
एक बाई कमी पडली म्हणून
हिला वॉर्डातून उचलून नेलं.
फोनवर सांगत होती, आजी, नियम काही कळत नाहीत,
पण फट कुठं आहे ते दिसतं.
रत्नप्रभानं मला तीनदा ते वाक्य सांगितलं.
फट म्हणताना दर वेळी
बसल्या जागी खांदा कलता करत होती.

द्वारका गेली त्याला चौदा वर्षं झाली.
तिच्याबद्दल वेगळी चौकट नको. काळी तर नकोच.

आणि एक. छापताना लोणचं लोन करू नका.
पंचविसाव्या वर्षी प्रेसनं तसं केलं होतं,
आणि बँकेचे मॅनेजर प्रमुख पाहुणे म्हणून
फॉर्म घेऊन आले होते.