डावा हात खिशात

प्लग काढला म्हणून मेला समजू नये त्याला.
आत साडेतीनशे व्होल्ट दबा धरून बसतात,
म्हणून उजव्याने काम, डावा खिशात.
रॉदरहॅमच्या या गॅरेजात
हे एका झटक्याने शिकवलं,
कोपर अजून विसरलेलं नाही.

मेणाचे कपॅसिटर पाझरलेत.
नवे बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत;
जुनी पुठ्ठ्याची नळी कोरून
त्यातच बसवले. हेप्टनस्टॉलला
अ‍ॅम्प्लिफायर वडिलांच्या वेळचाच दिसायला हवाय.
व्हॉल्व्ह मात्र त्याच जातीचे,
खोक्यावर कुठल्याशा पलटणीचा शिक्का.

पत्र्याच्या पोटात पेन्सिलीने लिहिलंय:
मॉरीन, शुक्रवार.
एवढंच. साल नाही.
शुक्रवारी पगार, लवकर सुटायची घाई असणार,
तरी तारा कशा काटकोनात वळवल्यात,
आणि तिचा एकही डाख हललेला नाही.
माझे शेजारी जरा जाडेभरडेच.

बटण. तीस सेकंद काहीच नाही.
मग काचेत केशरी तंतू,
जळक्या धुळीचा वास,
आणि कोणी तोंड मिटून गुणगुणावं तसा
एक सूर. तो थोडा राहिलाच.

बटण बंद. दिवे विझतात, सूर जरा उशिरा.
झाकण लावण्याआधी
मी डावा हात बाहेर काढतो,
पेन्सिल शोधतो.
आज मंगळवार.