उशिराचा दंड

ठराव झाला मंगळवारी, चहा निवायच्या आत.
अध्यक्ष म्हणाले, पान एकशे बारा.
वाचलंय का कुणी, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी इतिवृत्त लिहीत होते.

दाखल क्रमांक तीन हजार चारशे सात
कपाटात कोंडायचा, किल्ली अध्यक्षांकडे.
पण फळीवर त्याच्या जागी नुसती बोटभर फट.
पुस्तक बाहेर होतं,
देसले कंडक्टरांच्या नावावर. मुरबाड डेपो, निवृत्त.

निरोप धाडला. ते आले
पुस्तकाशिवाय, सुट्टे घेऊन.
"परत केलं तर कोंडणार ना?
मग उशीर झालाय असं समजा. दंड किती?"
दिवसाला रुपया, नियम सातवा.
सात रुपये मोजले, पावती मागितली,
जन्मभर तिकिटं फाडलेला माणूस,
घडी घालून वरच्या खिशात.

पुढच्या आठवड्याचे सात आणले
ग्रामीण रुग्णालयातल्या अश्लेषा विशेने,
रात्रपाळी डोळ्यांत तशीच.
मग टोकावड्याहून हिलमांचा पोरगा,
गवताच्या टेम्पोतून, केसांत काड्या.
मग सरळगावच्या बाजारात सुकट विकणारी गोदूबाई.
नोटेला बोंबलाचा वास.
"नात वाचते, मी आयकते.
आयकायचा दंड येगळा असतो का गं?"
नियमांत नव्हतं. मी सातच घेतले.

अध्यक्ष दर सभेला विचारतात, आलं का?
नाही साहेब, थकीत आहे.
मग कारवाई करा.
करतेय ना. वसुली नियमित आहे.
त्यातूनच ट्यूब बदलली,
तुमच्या खुर्चीवरची.

शनिवारी शटर ओढताना
टेबलावर कुणाची तरी पिशवी राहिलेली.
वर भेंडी,
खाली जुन्या कॅलेंडरच्या कागदात ते.

पान एकशे बारा
सगळ्यांत मऊ झालंय, कोपऱ्यावर हळदीचं बोट.
एक बाई उंबऱ्यात उभी राहते
आणि नाही म्हणते.
एवढंच.
मी दोनदा वाचलं, पान उजेडात धरलं,
मागे काही लपलंय का म्हणून.

आज पावतीपुस्तकात कार्बन घातला.
देणार: मी. घेणार: मी. रुपये सात फक्त.
पुस्तक डब्याखाली आहे, शेवटची तीस पानं उरलीत.

दुपारी अध्यक्षांच्या सूनबाई येऊन गेल्या.
फळ्यांकडे पाहिलं नाही, पंख्याखाली टेकल्या नाहीत.
दहाचे सुट्टे आहेत का,
इतकंच विचारलं.