खुर्ची राहू दे

मेश्रामांचा तथागत भर दुपारी आला.
बाहेर सेहेचाळीस, कूलरच्या टाकीत पाणी नाही,
आणि त्याच्या हातात माझीच कॅसेट.
इतवारीत पंख्यांच्या जुन्या मोटारींखाली
वीस रुपयांत मिळाली म्हणे.
आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव तिच्यावर अर्धंच उरलेलं.

"काका, बाजू बी, तिसरं गाणं.
कुमुदताई श्वास घेते ना, त्याच्या आधी
तुमचा बोंगो एकटाच आहे, चार सेकंद.
तेवढे मी घेतले."

विचारलं नाही, सांगितलं.
म्हटलं, अख्खं गाणं सोडून एवढंच काहून बे?
तो म्हणाला, गाणं तर सगळ्यांकडे आहे.

मिलमध्ये कानांत कापूस कोंबायचो आम्ही,
साचे ओरडायचे म्हणून.
या पोट्ट्यानं काहीतरी कोंबलं ते ऐकायसाठी.
माझे चार सेकंद संपले
की पुन्हा तेच चार,
घाण्याच्या बैलासारखे, पण बैल तरणाबांड.
खालून पोटात लाथ मारणारा एक दणका,
वरून त्याचं बोलणं, भरभर, दम न घेता:
इंदोऱ्याच्या कोरड्या नळाचं,
हप्ते थकले म्हणून उचलून नेलेल्या दुचाकीचं,
मुलाखतीत आडनाव ऐकून थांबलेल्या पेनाचं.

आणि दर फेरीच्या शेवटी
कुईं.

"हा आवाज निघत नाही राह्यला, काका.
उद्या साफ करतो."

नको, म्हटलं.
ती श्यामराव धकातेची खुर्ची.
लोखंडी, घडीची, मंडपवाल्याची.
अकॉर्डियन छातीशी धरून तो पुढं झुकायचा
तेव्हा ती बोलायची.
तेवढ्या इशाऱ्यावर मी हात उचलायचो बोंगोवरून,
त्याला जागा द्यायचो.
एकोणीस वर्षं झाली त्याला जाऊन.
घरी फोटो आहे त्याचा, हार घातलेला,
पण फोटोत तो हलत नाही.

तथागतनं मान खाली घातली, मग म्हणाला,
पैसे आले तर तुमचे अर्धे.
आता खरं सांगावंच लागलं.
तो ठेका माझा नाही, बाप्पा.
बुलडीच्या एका हॉटेलात तबकडी वाजायची,
पुन्हा लागेपर्यंत बसता यावं म्हणून
तीन-तीन चहा घेतले आम्ही, उधारीवर.
धकाते चमच्यानं टेबलावर मोजायचा,
मी मांडीवर.
घरी येईस्तोवर निम्मा सांडला,
उरला तो माझा.
आणि तबकडीवाल्यानं तरी कुठून उचलला होता,
कोणत्या बंदरातून, कुणाच्या मांडीवरून,
कोण विचारायला गेलं?
धकाते म्हणायचा, चाल म्हणजे गावची विहीर.
पोहरा मात्र तो नेहमी दुसऱ्याचाच वापरायचा.

रात्री भिलाईला फोन लावला, कुमुदताईला.
लेकीकडे असते, गुडघे गेलेत.
"माझा श्वास आहे का रे त्यात?"
नाही, त्याच्या आधीच कापलं.
"बरं झालं. सर्दी होती मला त्या दिवशी."
मग बराच वेळ नुसती खरखर.
"घ्यायला पाहिजे होता पण."

शनिवारी कामठी रोडच्या लॉनवर
तथागतनं मला मागं बसवलं, स्पीकरपासून लांब.
पाचशे पोरं-पोरी, घामानं निथळलेली,
माझ्या चार सेकंदांवर उड्या मारत होती.
एकालाही माझं नाव माहीत नव्हतं.
वाईट वाटेल असं वाटलं होतं.
वाटलं थोडं. मग पाय हलायला लागला.

शेवटी त्यानं दणका काढला, बोलणं काढलं,
माझा बोंगोही काढून घेतला.
अंधारात, त्या भल्या मोठ्या स्पीकरांतून,
उरली फक्त

कुईं

आणि धकाते आत येतोय म्हणून
मी हात उचलले.

सगळ्यांचेच वर होते,
म्हणून कुणाला काही कळलं नाही.