मागचे पाय

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
मी पाइप वाकवतो.
मॅडमनी फोटो आणला: जर्मनीतली खुर्ची,
शंभर वर्षांपूर्वीची म्हणाल्या,
कुणाला तरी सायकलच्या हँडलवरून सुचलेली.
पाइप कुठेही तुटायला नको,
आणि वळणावर सुरकुती तर नकोच.

तीन पाइप चपटे झाले.
चौथ्यात वाळू ठोकून भरली, तेव्हा कुठे तो ऐकला.

वेत विणायला घाडीगावकर आले, उथळसरहून.
त्यांना दिसत नाही.
बोटं लोखंडावरून नेली सावकाश:
पुढचे दोन पाय, खाली आडवी दांडी, मग थेट पाठ.
"अरे, मागचे पाय राहिले."
नाहीतच, म्हटलं.
"ड्रॉइंग नीट बघ."

चार दिवस खाली बसून विणत होते,
वेत बादलीत भिजत, चहा गार.
प्रत्येक भोक अष्टकोनी,
अंगठ्याने मोजलेलं.

पाचव्या दिवशी बसले.
खुर्ची बोटभर खाली गेली, परत वर आली.
त्यांनी दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरला.
मग सोडला.
"आमच्या परड्यात फणस होता," म्हणाले,
"आडव्या फांदीवर बसायचो, दिसायचं तेव्हा.
फांदीला कुठे असतात मागचे पाय?"

खुर्ची गेली, निकेलचं पाणी चढून, घोडबंदरला.
पैसे मोजून घेताना ते दारातच थांबले.
"वाया गेलेले पाइप आहेत ना?
मला एक कर."

केली.
डावीकडचं वळण जरा चपटं आहे.
हात लावताच हसले.